चाकणच्या वाटेने

पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता कासारवाडीच्या नाशिक फाट्यावर मुंबईच्या रस्त्याची संगत सोडतो आणि भोसरी, मोशी करीत इंद्रायणी ओलांडतो. पुलावरून उजव्या अंगाला आळंदी, डाव्या अंगाला देहू. एकाच नदीकाठची ही दोन गावे. मध्ये क्षणभर थांबून दोन्हीकडे हात जोडावेत असे कोणालाही वाटेल, पण थांबायची सोय नाही. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, आणि त्या ट्रेलरांवर दुमजली रचलेल्या नव्या कोऱ्या मोटारी. चाके दोरखंडांनी जखडलेली, नाके आभाळाकडे, आणि टपावर पांढरा कागद चिकटवलेला. अंतरपाट अजून दूर व्हायचा आहे अशा नवऱ्या मुली वऱ्हाडाबरोबर निघाल्या आहेत असे वाटते.

या रस्त्याने मी सोळा वर्षे एस.टी.ने जातो-येतो. खेड तालुक्यातल्या एका कॉलेजात मी मराठी शिकवतो आणि राहतो पुण्यात, शनिवार पेठेत. एवढ्या वर्षांत खिडकीतून जितक्या नव्या मोटारी मी पाहिल्या असतील तितक्या एखाद्या विक्रेत्यानेही पाहिल्या नसतील. पाहणे फुकट असते तोवर माणूस फार रसिक असतो.

चाकण हे गाव तसे जुनेच हट्टी. १६६० साली शाहिस्तेखानाने इथल्या संग्रामदुर्गाला वेढा घातला तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी तो भुईकोट पन्नासावर दिवस लढवला. बुरूज सुरुंगाने उडाला तेव्हाच किल्ला गेला. आज त्या किल्ल्याची थोडी तटबंदी उरली आहे आणि गावाचे नाव कांद्याच्या बाजारासाठी आणि कारखान्यांसाठी घेतले जाते. १९९९ च्या सुमारास इथे बजाजच्या मोटारसायकली होऊ लागल्या. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, पाठोपाठ महिंद्रा. अलीकडे पिंपरीला टाटांचा कारखाना होताच. १९९४ ची सुमो तिथलीच. तिचे नाव सुमंत मुळगावकरांच्या नावातली पहिली दोन-दोन अक्षरे घेऊन केले, हे पुष्कळांना सुमो रस्त्यावरून दिसेनाशी झाल्यावर कळले. एकंदरीत, ज्यांना हल्ली ‘एसयूव्ही’ म्हणतात त्या उंच, रुंद खांद्याच्या गाड्यांचे हे एक माहेरघरच. तळेगाव चौकात एस.टी. अर्धा अर्धा तास अडकते तेव्हा आजूबाजूला त्याच गाड्या अडकलेल्या असतात, आणि त्यांच्या आतली मंडळी आमच्यापेक्षा थंड हवेत बसून आमच्याइतकीच उशिरा पोहोचतात.

आणि याच चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो.

या बाजारात मला नेले ते आमच्या ग्रंथालयातल्या तात्यांनी. तात्या पुस्तकांना पुठ्ठे घालतात, पण त्यांचे घराणे बैलांचे. वडील हेडी होते. जनावरांच्या खरेदी-विक्रीत जन्म गेलेला. मी मोटार घेण्याच्या विचारात आहे असे कळल्यावर तात्या म्हणाले, “सर, आधी शनिवारी बाजारात चला. तिथं भाव शिकायला मिळंल. शोरूममधी नुसता आकडा मिळतो.”

कारखान्यांच्या भोंग्यापासून फार दूर नसलेल्या त्या आवारात गेलो. शेण, ओला चारा, चहा आणि डिझेल यांचा मिळून एक वास. खिल्लार खोंडांच्या शिंगांना रंग, गळ्यात गोंडे. शर्यतींवरची बंदी उठल्यापासून पळणाऱ्या खोंडांचे भाव चढले आहेत, आणि त्यांतल्या एखाद्याची किंमत ऐकून मला आमच्या होऊ घातलेल्या मोटारीबद्दल कमीपणा वाटला. तात्यांनी एका खोंडाचा ओठ वर करून दात दाखवले. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. विकणारा वय काहीही सांगो, तोंडात सगळे लिहिलेले असते.

“दुसरं म्हंजी,” तात्या म्हणाले, “उभा बैल बघू नका. उभं समदंच चांगलं दिसतंय. चालवायचा, वळवायचा, चढाला लावायचा.”

मग त्यांनी मला सौदा दाखवला. दोन माणसे शेजारी शेजारी उभी. एकाने खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला. खाली बोटे धरली, दाबली, सोडली. तोंडाने फक्त “हे बघा”, “नाही जमत”, “हे शेवटचं”. चेहऱ्यावर काही नाही. भोवती दहा माणसे उभी, पण आकडा कोणालाच कळला नाही. तात्यांनी कारण सांगितले. आकडा एकदा मोठ्याने बोलला की तो माणसाच्या अब्रूला चिकटतो, आणि मग त्याच्यावरून खाली उतरायला किंवा वर चढायला दोघांनाही जड जाते. कापडाखाली मात्र कितीदा मागे सरले तरी कोणाचे नाक कापले जात नाही. ठरले की इसार हातावर ठेवायचा आणि मगच मोठ्याने बोलायचे.

“आन् एक ध्यानात ठिवा,” परतताना तात्या म्हणाले. “आपली नड सांगायची नाय. नांगरट उद्यावर आली आसली तरी म्हनायचं, बघतोय नुसतं.”

आता आमची नड सांगतो. वाचकांना सांगायला हरकत नाही. ते गाड्या विकत नाहीत.

माझ्या आईचे माहेर जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या पुढे माळशेजच्या वाटेवर, मढजवळच्या एका वाडीत. तिचा थोरला भाऊ, आमचा मामा, पंच्याऐंशीच्या पुढे गेलेला. आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि तिची भाऊबीज बंद पडली. एस.टी.ची पायरी तिला चढवत नाही. आमच्या घरी २०१२ सालची एक छोटी मोटार होती, पण तिची बैठक इतकी खाली की आई आत बसायची म्हणजे आडात उतरायची आणि बाहेर निघायची म्हणजे तिला दोघांनी शेंदून काढायची. दोन वर्षे मामाचे ओवाळणीचे पैसे टपालाने आले. २०२५ च्या श्रावणात मामा पडला आणि अंथरुणाला लागला. आईने तोंडाने काही म्हटले नाही. फक्त दिनदर्शिकेवर २३ ऑक्टोबरला, भाऊबिजेच्या चौकोनात, पेन्सिलीने एक बारीक टिंब काढून ठेवले.

दुसरी नड पैशाची. कन्या त्या वर्षी अकरावीत गेली होती. तिच्या पुढच्या शिक्षणासाठी आम्ही जे बाजूला टाकत आलो होतो त्यातून थोडे, बाकी कर्ज. म्हणजे मोटारीवर जे पन्नास हजार जास्त जातील ते सरळ तिच्या खात्यातून जाणार होते. माझी पत्नी बँकेत अधिकारी आहे. तिने पहिल्याच रात्री वहीत दोन रकाने पाडले, एकावर लिहिले ‘गाडी’ आणि दुसऱ्यावर कन्येचे नाव. त्या वहीमुळे घरातली पुष्कळशी चर्चा आपोआप मिटली. उदाहरणार्थ, छपराला खिडकी. आमच्या चिरंजीवांचे म्हणणे असे की छताला काच नसेल तर ती एसयूव्हीच नव्हे. त्या काचेपायी वरचा प्रकार घ्यावा लागत होता, आणि वरच्या प्रकाराला सव्वा लाख जास्त. पुण्यात चार महिने पाऊस, चार महिने ऊन आणि उरलेले चार महिने बांधकामाची धूळ. त्या खिडकीतून पाहायचे काय? ताईच्या रकान्याकडे बोट दाखवल्यावर चिरंजीव गप्प झाले.

एसयूव्ही म्हणजे नेमके काय, हे मी वर्गात शब्द समजावून सांगावा तसे समजून घ्यायचा प्रयत्न केला. आईच्या लेखी ती ‘वडापसारखी गाडी’. कंपन्यांच्या लेखी हल्ली जरा उंच उभी राहणारी प्रत्येक गाडी. सरकारच्या लेखी मात्र ही गोष्ट टेपने मोजायची. २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत मोठ्या एसयूव्हीवर वस्तू-सेवा कर अठ्ठावीस टक्के आणि वर बावीस टक्के उपकर, असे पन्नास टक्के लागत. त्या वर्षी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून करकपातीची घोषणा झाली, ३ सप्टेंबरला निर्णय झाला आणि २२ सप्टेंबरला, नेमक्या घटस्थापनेला, नवे दर लागू झाले. लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोलचे इंजिन बाराशे सीसीच्या आत (डिझेलचे पंधराशेच्या) असेल तर अठरा टक्के, त्यावर गेले की चाळीस. चार मीटर म्हणजे तेरा फूट दीड इंच. नऊवारी लुगड्याच्या निम्म्याहून कमी! या रेघेपायी नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट अशा कितीतरी गाड्या पाच मिलिमीटर राखून तीन हजार नऊशे पंच्याण्णववर थांबलेल्या आहेत. ब्रेझाही तेवढीच लांब, पण तिचे इंजिन मोठे, म्हणून ती चाळीसच्या पंगतीत. अंगाने लहान असूनही मोठ्यांच्या रांगेत बसवलेल्या मुलासारखी.

दुसरी रेघ दहा लाखांची. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावे पेट्रोलची गाडी घेतली तर दहा लाखांपर्यंत रस्ताकर अकरा टक्के, वीसपर्यंत बारा, त्यावर तेरा. डिझेलला दरेक पायरीवर दोन टक्के जास्त. शिवाय दहा लाखांच्या वर गेले की विक्रेता एक टक्का आयकर आगाऊ घेतो. तो विवरणपत्र भरताना वजा मिळतो, पण आधी तर द्यावाच लागतो. म्हणजे नऊ लाख ऐंशी हजार आणि दहा लाख वीस हजार यांतले अंतर चाळीस हजारांचे नसते. हे पत्नीने मला भाजी निवडता निवडता समजावून सांगितले.

मग दसरा झाल्यावर आम्ही बाहेर पडलो. जुन्या मुंबई रस्त्याने वाकडेवाडीपासून चिंचवडपर्यंत मोटारींची दालने लागलेली आहेत. कोण्या एके काळी या रस्त्याला कडुलिंबाची सावली होती म्हणतात. आता काचांची चकाकी आहे. आत शिरताच थंड हवा, कॉफी आणि “या सर, या मॅडम”. ऑगस्टमध्ये कर उतरणार म्हणून गिऱ्हाईक थांबले होते, तेव्हा याच दालनांत विक्रेते माशा मारीत होते. आता मात्र पेढ्याच्या दुकानासारखी गर्दी. एका कोपऱ्यात नवी गाडी मखमली कापडाखाली झाकलेली. कुटुंबाने एकेक टोक धरून कापड ओढायचे, टाळ्या वाजायच्या, दोन हात लांबीची पुठ्ठ्याची किल्ली हातात घेऊन फोटो काढायचा. चाकाखाली लिंबू मात्र खरे.

आमच्या पत्नीने शिवणाच्या डब्यातली टेप बरोबर घेतली होती. विक्रेते इंजिनाच्या शक्तीबद्दल बोलत आणि ती जमिनीपासून बैठकीची उंची मोजी. आईवर उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले होते की बैठक साधारण तिच्या कमरेइतकी हवी. आधी पाठमोरे बसायचे आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. खाली बैठक म्हणजे आड, आणि फार वर म्हणजे माळा. खऱ्याखुऱ्या दांडग्या, डोंगर चढणाऱ्या गाडीपाशी आई गेली, पायरीकडे पाहिले आणि म्हणाली, “ही ट्रॅक्टर आहे.” ती यादीतून गेली. एका देखण्या गाडीचा उंबरठा इतका रुंद की पाय आत घेताना गुडघा आपटे. तीही गेली. आठ गाड्यांमधून तीन उरल्या, आणि त्या आईने नुसते बसून-उठून निवडल्या. कोणत्याही तज्ज्ञाच्या लेखापेक्षा ही परीक्षा मला अधिक शास्त्रीय वाटली.

उरलेल्या तिघींचे दात आम्ही घरी बसून पाहिले. आपल्याकडे २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप नावाची परीक्षा सुरू झाली आहे. गाडी अडथळ्यावर आपटून आतल्या बाहुल्यांचे काय होते ते पाहतात आणि मोठ्यांसाठी व मुलांसाठी वेगवेगळे तारे देतात. त्यात एक मागे पडली. उरल्या दोन, आणि त्यांतली कोणती घेतली हे मी लिहीत नाही. दिवाळी अंकात जाहिराती आधीच पुष्कळ आहेत.

चालवून पाहायला दिली तेव्हा विक्रेता एकट्या मला बसवून सरळ रस्त्याने न्यायला निघाला. पत्नीने आम्हा पाचही जणांना आत कोंबले आणि गाडी नाशिक फाट्याच्या दुमजली पुलावर चढवायला लावली. मागे तिघे, वरून वातानुकूलन चालू, चढावर मध्येच थांबवून पुन्हा सोडायची. “उभा बैल बघू नका,” मी मनातल्या मनात तात्यांना नमस्कार केला. परतताना गतिरोधकावर आई काही बोलली नाही, यावरून मागची बैठक बरी असावी असे आम्ही ठरवले.

आणि मग सौदा. आमच्या समोर बसलेला मुलगा पंचविशीचा, गोड बोलणारा. मी ठरवल्याप्रमाणे म्हणालो, “बघतोय नुसतं.” पत्नी म्हणाली, “घाई काहीच नाही.” तेवढ्यात कॉफीचा कप खाली ठेवून आई म्हणाली, “अरे बाळा, मला भाऊबिजेला माहेरी जायचंय. भाऊ आजारी आहे. तोवर मिळेल ना रे?”

टॉवेल उडाला! तात्यांचा सगळा अभ्यासक्रम एका वाक्यात संपला. मुलाने आईकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि संगणकात काही बडवून एक कागद काढला. एकूण बारा लाख सात हजार आठशे.

हा कागद माझ्या आयुष्यात वाचलेल्या चमत्कारिक गद्यांपैकी एक आहे. पहिल्या दोन ओळी सरळ होत्या : गाडी नऊ लाख ऐंशी हजार, रस्ताकर एक लाख सात हजार आठशे. यांत कोणाला काही करता येत नाही, आणि सामान्य माणूस नेमका यांच्याशीच भांडत बसतो. खरा बाजार त्यांच्या खाली भरलेला होता. विमा अठ्ठावन्न हजार. ‘अत्यावश्यक संच’ चोवीस हजार. ‘हाताळणी’ साडेआठ हजार. रंगावरचा लेप नऊ हजार. वाढीव हमी अठरा हजार. फास्टॅग, नोंदणीची किरकोळ अडीच हजार. पत्नीने पेन काढले. बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना तिचा चेहरा जसा होत असेल तसा झाला.

“विम्यात आमचा जुना नो-क्लेम धरलेला नाही,” ती म्हणाली. जुन्या गाडीवर पाच वर्षांत दावा केला नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट मिळते आणि ती नव्या गाडीला लावता येते. त्रयस्थ व्यक्तीचा तीन वर्षांचा विमा सक्तीचा आणि त्याचा दर सरकारी, तो सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो उरलेल्या भागात. तिने बाहेरून त्याच अटींचा आकडा आणला होता, एकोणचाळीस हजार. विमा कोठून घ्यायचा हे गिऱ्हाइकाने ठरवायचे असते. मुलगा आत जाऊन आला आणि एक्केचाळीसवर आला. दोन हजार जास्त, पण अपघात झाल्यास त्याच कार्यशाळेत रोख न देता काम होणार, म्हणून तिने ते मान्य केले.

“अत्यावश्यक संचात काय आहे?” होते ते असे : पायपुसण्या, चिखलपट्ट्या, बैठकीची कव्हरे, उशा, अत्तराची बाटली आणि गाडी झाकायचे कापड. “यातले अत्यावश्यक कोणाला?” मी व्याकरणाच्या अंगाने विचारले. सहा हजारांच्या पायपुसण्या आणि चिखलपट्ट्या राहिल्या.

“आणि हाताळणी म्हणजे?” मुलगा म्हणाला, “सर, गाडी यार्डातून इथवर आणायची, धुवायची...” विक्रेत्याने गाडी आपल्या दुकानात आणण्याचे पैसे गिऱ्हाइकाने वेगळे द्यायचे, हा प्रकार मंडईत कोणी केला तर भाजीवालीच हसेल. ही ओळ कोणत्या कायद्याखाली आहे ते पावतीवर लिहून द्या, म्हणजे आनंदाने देऊ, असे पत्नीने शांतपणे सांगितले. ओळ गेली. लेपही गेला. वाढीव हमी मात्र तिने ठेवली. आम्ही गाडी बारा वर्षे वापरणारी माणसे, तिथे अठरा हजार वाचवणे तिला परवडले नाही.

साडेबावन्न हजार उतरले होते. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात मुलगा म्हणाला की पांढरी गाडी भाऊबिजेपर्यंत मिळणार नाही, नोव्हेंबर उजाडेल. विटकरी रंगाची एक आहे, ती चालेल तर पाडव्याला देतो. विटकरी रंगाला गिऱ्हाईक नव्हते, हे त्याच्या आवाजावरून कळत होते. आता तोही काही नड झाकीत होता.

“केव्हा तयार झालेली?” पत्नीने विचारले. गाडीच्या सतरा अक्षरी क्रमांकात तिच्या जन्माची खूण असते, आणि कंपनीच्या कागदावर महिना-वर्ष असते. जून २०२५. चार महिने यार्डात उभी. उन्हापावसात उभ्या गाडीची बॅटरी उतरते, चाके एकाच बाजूवर राहतात, आणि पुढे विकताना लोक वर्षाकडे पाहतात. तिने पंचवीस हजार कमी मागितले. मुलगा पुन्हा आत गेला.

तो आत असताना मी काचेतून पाहिले. साहेबांच्या टेबलापुढे हा उभा, हात मागे बांधलेले, कॉलेजात उशिरा आलेली मुले माझ्यापुढे उभी राहतात तसा. बाहेर आला तेव्हा आईने त्याला विचारले, “तुझं गाव कुठलं रे?” तो नारायणगावकडचा निघाला. महिन्याला त्याला ठरावीक गाड्या खपवाव्या लागत. नाही खपल्या तर पगाराचा वरचा भाग नाही. दिवाळीला घरी जायला सुटी नव्हती. आईने पिशवीतून पोळीच्या लाडवाचा डबा काढून त्याच्यापुढे सरकवला. पंधरा हजारांवर मिटले. अकरा लाख चाळीस हजार तीनशे. पत्नी आणखी ताणू शकली असती, असे मला वाटले. तिनेच वही मिटली आणि इसार दिला.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी आम्ही यार्डात जाऊन तिला चारी अंगांनी पाहिले, बॅटरी नवी बसवून घेतली, चाकांवरच्या तारखा वाचल्या, किती किलोमीटर फिरली ते टिपून घेतले. पाडव्याला कापड ओढायचा सोहळा आईने नाकारला. लिंबे मात्र स्वतः ठेवली.

भाऊबिजेला पहाटे निघालो. तळेगाव चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. शेजारी एस.टी. उभी होती, खिडकीत एक गृहस्थ आमच्या विटकरी रंगाकडे पाहत होते. खेडचा घाट, मंचर, नारायणगाव, आळेफाटा. आळेफाट्याला डावीकडे वळल्यावर आई ताठ बसली आणि प्रत्येक ओढ्याचे नाव सांगू लागली. ओतूर गेले. डोंगर जवळ आले. भात पिवळे पडले होते.

मामाची खाट ओसरीवर आणली होती. आई गाडीतून आपली आपण उतरली. आधी दोन्ही पाय बाहेर, मग हात दाराला. ओवाळणे झाले. मामाने डोळ्यांवर हात धरून अंगणातल्या गाडीकडे बराच वेळ पाहिले.

“दात किती?” त्याने विचारले.

“चार महिन्यांची आहे,” पत्नी म्हणाली.

“चढाला कशी?”

“खेडच्या घाटात कुरकुरली नाही.”

मामाने मान हलवली. मग खांद्यावरचे उपरणे काढले आणि आईपुढे हात केला. मला वाटले, ओवाळणी देतो आहे. पण आईने काही न बोलता आपला हात पुढे नेला आणि त्याने उपरणे दोघांच्या हातांवर टाकले. माझ्या आजोबांच्या मांडीवर बसून दोघे लहानपणी ही भाषा शिकले होते, हे मला त्या दिवशी कळले. उपरण्याखाली बोटे हलली. मामाच्या भुवया वर गेल्या. पुन्हा हलली. आई गालात हसली, मानेनेच नाही म्हणाली, पुन्हा एक बोट दाबले असावे. मामा खाटेवर मागे टेकला आणि म्हणाला, “बरं हाय. फार नाही दिलंत.”

आईने त्याला कोणता आकडा सांगितला, हे आम्ही परतताना विचारले. ती खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, “त्याला झेपेल तेवढा.”